आईच्या खोलीची लाइन

आईला दवाखान्यातून सोडणार असं कळलं तेव्हा ती आता राहणार कुठे हा प्रश्न उभा राहिला, आणि तो मी एका वाक्यात मिटवून टाकला. "मी इन्व्हर्टर बसवतोय," असं मी ताईला सांगितलं.

ताई माझी थोरली बहीण. ती ठाण्यात एका उंच इमारतीत राहते. तिथे लाइट गेली तरी लगेच जनरेटर सुरू होतो, लिफ्टसुद्धा अडत नाही. आमचं घर काल्हेरला, गोदामांच्या मध्ये उरलेल्या जुन्या वस्तीत. आमच्याकडे लाइट जाते. शुक्रवारी तर सांगून जाते, कारण त्या दिवशी भागातले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात आणि वीज कंपनी दुरुस्तीची कामं काढते. बाकीच्या दिवशी न सांगता जाते.

आईला पक्षाघात झाला होता. घरी यायची वेळ आली तेव्हा तिच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवलेली होती आणि नाकातून पोटात जाणारी दुसरी नळी जेवणासाठी होती. तिला बोलता येत नव्हतं. डावा हात आणि मान तेवढी हलायची. गळ्यातल्या नळीत कफ साठला की तो सक्शन मशीनने ओढून काढावा लागे, नाहीतर तिचा श्वास कोंडायचा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंगाखाली हवेची गादी होती आणि त्या गादीचा पंप रात्रंदिवस चालू ठेवायचा होता. दोन्ही वस्तू विजेवरच्या. ताईचं म्हणणं सरळ होतं. जिथे वीज जात नाही तिथे आईने राहावं.

मी नाही म्हणालो. आईला तिचंच घर बरं वाटेल, सून हाताशी आहे, शेजार आहे, असं सगळं मी बोललो आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरं एक कारण होतं. आमच्या समाजात मुलगा असताना आई लेकीकडे जाऊन पडली की लोक मुलाकडे वेगळ्या नजरेने बघतात. मला ती नजर नको होती. आईच्या श्वासाचा निर्णय मी घेतला, पण घेताना माझ्या डोळ्यांपुढे आईच्या आधी गावकी होती.

निजामपुऱ्यात एक जुने ओळखीचे मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. माझ्या वडिलांचे घरामागच्या शेडमध्ये आठ लूम होते, त्यांच्या जळलेल्या मोटरींना नवी तार भरून द्यायचं काम हेच करत. वडील गेले, लूम भंगारात गेले, मी दापोड्याच्या एका गोदामात सुपरवायझर झालो. चाचांनीही मोटरी भरायचं कमी करून दुकानात इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या ठेवल्या.

"लोड क्या क्या है?" चाचांनी विचारलं.

मी सांगत गेलो. गादीचा पंप, सक्शन मशीन, तीन पंखे, ट्यूबलाइट, टीव्ही, फ्रीज.

"अम्मा को घर लाना है, के मॉल खोलना है?"

मी हसलो नाही. मी तयारीने गेलो होतो. प्रत्येक वस्तूच्या मागे छापलेले वॅट बघून मी बेरीज करून नेली होती आणि ती बेरीज त्या इन्व्हर्टरमध्ये आरामात बसत होती. ती ऐकून चाचा म्हणाले, "ये तो चलते हुए का हुआ. उठते हुए का हिसाब किधर है?"

"फ्रीज दिवसभर चालूच असतो चाचा, त्यात उठायचं काय?"

"तुम्हारे अब्बा होते तो कान पकडते तुम्हारा."

ते इतकंच बोलले आणि चहा मागवला. गिऱ्हाइकाला दोनदा सांगायचं नाही असा त्यांचा नेम असावा. एका बाबतीत मात्र ते हटले नाहीत. मी स्वस्तातला इन्व्हर्टर बघत होतो, तो त्यांनी माझ्या हातातून काढूनच घेतला. "इस पे बल्ब जलेगा, मोबाइल चार्ज होगा, मगर मोटर रोएगी," ते म्हणाले. आमच्या घरात पूर्वी तसाच एक होता. त्याच्यावर पंखा चालला की गुणगुण आवाज यायचा, अगदी मधमाश्या बसल्यासारखा, आणि बराच वेळ चालला की हात लावून बघितलं तर चांगला तापलेला असायचा. विजेची लाट गुळगुळीत नसली की मोटरीचं असं होतं. म्हणून मी चाचांनी दिलेला चांगला इन्व्हर्टर घेतला. पण त्यांच्या वायरमनने घरी येऊन "इन्व्हर्टरवर कुठले कुठले पॉइंट घेऊ?" असं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "सगळे घे."

हे 'सगळे' कोणासाठी होतं ते सांगतो. आजारी माणूस घरी आलं की आमच्याकडे ते बघायला माणसं येतात. पाच-सहा जण मिळून टेम्पोने येतात, दुपारभर बसतात, चहा होतो, थंड पाणी होतं. न येणं हा अपमान असतो आणि आलेल्याला उकाड्यात बसवणं हा त्याहून मोठा अपमान. फ्रीज आईच्या औषधांसाठी आहे असं मी बायकोला सांगितलं, पण आईचं एकही औषध फ्रीजमध्ये ठेवायचं नव्हतं. फ्रीज थंड पाण्याच्या बाटल्यांसाठी होता. दोन पंखे बाहेरच्या खोलीतल्या पाहुण्यांसाठी होते. टीव्ही कशासाठी होता हे मला आजही सांगता येणार नाही. बहुधा लाइट गेलेली असताना याच्या घरात टीव्ही चालू आहे, एवढं कोणीतरी बघावं म्हणून.

आणखी एक गोष्ट आमच्या घराची. वडिलांचे लूम शेडमध्ये असत आणि आई ओटीवर कांड्या भरायची. लूममधल्या धोट्यात सुताची जी छोटी नळी बसते ती कांडी. तिच्या मशीनला लहानशी मोटर होती. शेडमध्ये वडिलांचा कडक नियम होता. लाइट गेली की प्रत्येक कारागिराने आपापल्या लूमचा स्विच पाडायचा आणि लाइट आली की वडील शेडच्या एका टोकाकडून चालत जाणार, ते पुढे जातील तसा एकेक लूम सुरू होणार. आठ लूम एकदम उठलेले मी कधी बघितले नाहीत. आईचा नियम उलटा होता. ती कांडी मशीनचा स्विच कधीच बंद करत नसे. लाइट गेली की ती हात पुसून स्वयंपाकाला लागायची आणि मशीन आपोआप फिरायला लागलं की लाइट आली हे घरभर कळायचं. आम्ही भावंडं आईच्या ओटीवर वाढलो, शेडमध्ये नाही. लाइट गेली म्हणून घरातला स्विच बंद करायचा असतो हे माझ्या हाताला कधी शिकवलंच गेलं नव्हतं.

आई घरी आल्यावर पहिले काही आठवडे लाइट गेली तरी फार वेळ गेली नाही आणि इन्व्हर्टरने वेळ निभावून नेली. मी ताईला फोनवर सांगायचो, "कळलं पण न्हाय लाइट गेलेली." ती म्हणायची, "बरं."

मग एका दुपारी गावाहून माझी मोठी काकी, तिच्या दोन सुना आणि आणखी दोघी-तिघी आईला बघायला आल्या. मे महिना होता. बाहेरच्या खोलीत दोन्ही पंखे, टीव्ही, थंड पाणी, सगळं चालू. आतल्या खोलीत बायको आईच्या नळीतला कफ काढत होती. सक्शन मशीनचा घर्रघर्र आवाज बाहेर येत होता आणि काकी मला विचारत होती, "दुखत न्हाय ना रे तिला?"

त्याच वेळी लाइट गेली.

इन्व्हर्टरने डोळ्याचं पातं लवायच्या आत लोड घेतला आणि लगेच शिट्टी वाजवून सोडून दिला. पंखे थांबले, टीव्ही गेला. आत सक्शनचा आवाज बंद पडला. इन्व्हर्टरवर लाल दिवा होता. मी धावत जाऊन त्याचं बटण दाबून तो बंद करून परत चालू केला. फ्रीज घुर्रर्र करून हादरला, शिट्टी वाजली, परत लाल दिवा. मी परत तेच केलं. आतून बायको ओरडली, "मशीन चालू करा!" मी तिसऱ्यांदा तेच केलं. खोलीत सहा-सात माणसं उभी होती, भिंतीवर सगळे स्विच चालू होते आणि त्यातला एक तरी बंद करावा हे माझ्या मनात आलं नाही. मी त्या बटणाशी झटत राहिलो, जणू इन्व्हर्टरला माझं म्हणणं कळत नव्हतं.

बायकोने तेवढ्यात मशीनची नळी उपसून काढली, आईला जेवण द्यायची मोठी सिरिंज त्या बारीक नळीला लावली आणि हाताने दट्ट्या ओढून कफ काढला. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. मी आत गेलो तेव्हा आईचे ओठ निळसर झाले होते आणि तिच्या डाव्या हाताने चादर गच्च धरली होती. हळूहळू तिचा रंग परत आला. बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "फ्रीजचं बटण बंद करा. बाकीचं नंतर."

फ्रीज बंद केला आणि इन्व्हर्टर उठला.

काकीने घरी पोचायच्या आधीच टेम्पोतून ताईला फोन केला. ताईचा मला फोन आला तो संध्याकाळी. ती चिडलेली नव्हती, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "पुढच्या शनिवारी सकाळी ॲम्ब्युलन्स येईल," ती म्हणाली. "मी सांगून ठेवलंय. आईला मी नेते."

"मना एक शुक्रवार दे," मी म्हणालो.

"कशाला?"

"पुढच्या शुक्रवारी दिवसभर लाइट नाही, कंपनीने कळवलंय. तू येऊन बस. तुझ्या डोळ्यांदेखत चुकलो तर शनिवारी मीच आईला गाडीत ठेवतो."

 ती म्हणाली, "येते. पण आधीच सांगते, मी तुझ्या बाजूने येत नाहीये."

माझ्या हातात सात-आठ दिवस होते. चाचांकडे गेलो तर त्यांनी झालेलं सगळं ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाले, "फ्रीज चलते चलते रुका, और रुकते ही फिर उठाया. उस के पेट में गॅस भरा था, वो क्या उठेगा." यापेक्षा जास्त त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. मला ते स्वतःच्या हाताने कळून घ्यायचं होतं. आईचे निळे ओठ बघितल्यानंतर कोणाच्या शब्दावर विसंबायची माझी हिंमत नव्हती. आमच्या गोदामाच्या इलेक्ट्रिशियनकडे वायरीभोवती चिमट्यासारखं अडकवून करंट मोजायचं मीटर असतं. ते मी मागून आणलं आणि लाइट असताना घराचा मेन स्विच पाडून, इन्व्हर्टरवर एकेक वस्तू लावून बघायला लागलो. सक्शन मशीन जोडणीला असलं की बायको सिरिंज हातात घेऊन आईजवळ उभी राहायची.

बायको म्हणाली, "लाइट असताना घालवणारा माणूस अख्ख्या काल्हेरात एकच हाय, आणि तो माझ्या नशिबी आला."

त्या दिवसांत मला वस्तूंचे स्वभाव कळले. जुना पिवळा बल्ब लावला की मीटरचा आकडा जिथे जातो तिथेच थांबतो. इस्त्री, किटली, पाणी तापवायचा रॉड हेही त्याच जातीचे. ते कपट करत नाहीत, लिहिलंय तेवढंच मागतात, पण मागतात ते इतकं की बॅटरी बघता बघता उतरते. मी किटली एकदाच लावून बघितली आणि काढली. एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर यांचं तर मीटरवर नावच उमटत नव्हतं. टीव्हीही फार खात नव्हता, पण फार वेळ चालतो. आणि मोटरवाल्या वस्तू. मिक्सरचा आकडा सुरुवातीला उडी मारून वर जायचा आणि मग खाली यायचा. फ्रीजचा तर इतका वर जायचा की मीटर तो नीट दाखवायच्या आत इन्व्हर्टर शिट्टी मारायचा. फ्रीज बंद करून पाच-सहा मिनिटं थांबलो आणि मग एकटाच सुरू केला तर तोच फ्रीज उठायचा. लगेच उठवला तर नाही. चाचांचं 'उठते हुए' म्हणजे हे होतं. आणि वडील शेडमध्ये एकेका लूमजवळून चालत का जायचे, तेही हेच होतं. मी त्यांच्यामागून किती वेळा चाललो असेन. मला वाटायचं ते आपला मालकपणा दाखवतात.

सक्शन मशीनही मोटरच. पण ते एकटं उठलं तर इन्व्हर्टरला काही वाटत नव्हतं. हवेच्या गादीचा पंप तर इतका लहान की तो चालू आहे की नाही हे मीटरला कळत नव्हतं, फक्त आईला कळायचं. पंप थांबला की ती डाव्या हाताचं बोट उचलायची. मी घरात मेन पाडायचो आणि पंप क्षणभर चुकला की आतून बायकोचा आवाज यायचा, "बोट वर झालं."

वायरमनला परत बोलावलं. यावेळी त्याने "कुठले पॉइंट?" असं विचारल्यावर मी त्याला आईच्या खोलीत नेलं. गादीचा पंप, सक्शन, एक उभा पंखा, एक एलईडी दिवा. एवढंच इन्व्हर्टरच्या लाइनवर. बाकी सगळं घर लाइट गेली की बंद.

"बाहेरची खोली?" त्याने विचारलं. "पाहुणे येतात ना."

"अंधारात बसतील," मी म्हणालो. खोटं कशाला सांगू, हे बोलणं सोपं नव्हतं. आलेल्या माणसाला घामात बसवायचं हे मला आईच्या आजारापेक्षा कठीण वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाज त्याहून जास्त वाटत होती. पायाने दाबून चालवायचं एक सक्शन मिळतं, विजेशिवाय चालणारं, तेही आणून पलंगाखाली ठेवलं.

शुक्रवारी मी रजा घेतली. ताई सकाळीच आली. आल्या आल्या तिने आईच्या केसांवरून हात फिरवला, गादी दाबून बघितली, मग इन्व्हर्टरसमोर एखाद्या तपासनीसासारखी खुर्ची ओढून बसली. बायकोने आईचं दिवसभराचं जेवण लाइट असतानाच मिक्सरमधून पातळ करून फ्रीजमध्ये ठेवलं होतं. दहाच्या सुमाराला लाइट गेली. बाहेरच्या खोलीतले पंखे गरगरत थांबले. आईच्या खोलीतला पंखा फिरत राहिला. आईचं बोट वर झालं नाही.

"चहा तरी मिळेल का, का तोही बंद?" ताईने विचारलं.

"गॅसवर होतो चहा," बायको म्हणाली.

बाहेरची खोली भट्टीसारखी तापायला लागली. ताई पदराने वारा घेत होती. "तो दुसरा पंखा लाव ना. बॅटरी तर भरलेली दाखवतेय."

"न्हाय."

"एक पंखा, अरे."

"ताई, तो लाइनवर नाहीच. काढून टाकलाय."

"आलेल्या माणसाला असंच बसवतोस?"

"आता असंच."

 मी हे बोलेन असं तिला वाटलं नव्हतं. मलाही नव्हतं.

दुपारी आईच्या नळीतून खरखर ऐकू यायला लागली. मी ताईला म्हणालो, "ये, आज तू कर." ती घाबरली. मी तिला हात धुवायला लावले, हातमोजे दिले. मग पंखा बंद केला, सक्शन मशीन सुरू केलं, त्याचा आवाज स्थिर झाल्यावर पंखा परत लावला. पंखा आधी बंद करायची खरं तर गरज नव्हती, हे मीटरने मला दाखवलं होतं. तरी मी तसंच करतो. बायकोने ताईचा हात धरून नळी आत कशी सोडायची, बाहेर काढताना कशी फिरवायची ते दाखवलं. आईने डोळे मिटून घेतले होते. कफ निघाला, श्वास साफ झाला. ताईने हातमोजे काढले.

"दिवसातून किती वेळा करता?" तिने विचारलं.

"लागेल तितक्या," बायको म्हणाली.

ताईच्या कपाळावरून घाम गळत होता. आईने डावा हात उचलला आणि उभ्या पंख्याकडे दाखवला. आम्हाला वाटलं तिला वारा जास्त होतोय. मी पंखा थोडा वळवला. तिने परत हात केला, अजून. मी अजून वळवला. पंख्याचं तोंड ताईकडे आल्यावर तिचा हात खाली आला.

"बघ," बायको म्हणाली, "आम्ही रोज करतो, आम्हाला कधी वळवला न्हाय."

ताई हसली आणि मग खुर्ची आईच्या पलंगाला लावून बसली, म्हणजे दोघींना एकच वारा लागेल.

पाचला लाइट यायची होती. ती आली नाही. सहाला मी वीज कंपनीला फोन केला. काम संपलं नाही, एवढंच कळलं. इन्व्हर्टरने बॅटरी उतरल्याची पहिली सूचना दिली. ताईने माझ्याकडे बघितलं. मी पंखा बंद केला. बायकोने खिडकी उघडली. मी गोदामातून आलेल्या एका खोक्याचा पुठ्ठा फाडून दोन तुकडे केले, एक ताईला दिला.

"आता राहिलं काय?" तिने विचारलं.

"पंप आणि सक्शन. हे दोन रात्रभर चालतील. ते संपलं तर पलंगाखाली पायाचं आहे."

ताई आईला वारा घालत होती. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून वारा घालत होतो. तेव्हा मी तिला ते कारण सांगितलं. आईला ठाण्याला का पाठवलं नाही, काकीच्या टेम्पोची मला किती भीती होती, फ्रीज कशासाठी होता, टीव्ही. आई ऐकत होती. तिच्यासमोर बोलणं भाग होतं.

ताईचा हात थांबला नाही. "ते मला पहिल्या दिवशीच माहीत होतं," ती म्हणाली. "तू लहानपणापासून लोकांसाठी शर्टाला इस्त्री करतोस, आत बनियन फाटलेलं असायचं."

बायको तोंडावर पदर धरून हसली.

"तिला विचार," मी म्हणालो. "माझ्यासाठी नको. तिला विचार."

ताई वाकली. "आये, माझ्याकडं येतेस? तिथं लाइट जात न्हाय." आमची खूण ठरलेली होती. हो असेल तर आई डोळे मिटायची, नाही असेल तर मान भिंतीकडे वळवायची. ताईने दोनदा विचारलं. आईने दोन्ही वेळा मान भिंतीकडे वळवली. दुसऱ्या वेळी जरा रागानेच.

ताईने पुठ्ठा मांडीवर ठेवला आणि फोन काढून ॲम्ब्युलन्सवाल्याला नको म्हणून सांगितलं. मला बरं वाटायला लागलं होतं, पण तिने ते फार वेळ टिकू दिलं नाही.

"माझ्या अटी ऐक. आज तू घरात होतास. परवा रविवार, तेव्हाही असशील. पण दर शुक्रवारी तू दापोड्याला असतोस आणि ही इथे एकटी असते. त्या दिवशी हिने सिरिंज ओढली, तू नाहीस. शुक्रवारी तू घरात पाहिजेस. मीही येत जाईन, जमेल तसं. आणि ज्या दिवशी तुला वाटेल की झेपत नाही, त्या दिवशी लोकांची वाट बघायची नाही."

"त्या दिवशी मी स्वतः आणून सोडेन," मी म्हणालो. "तुला गाडी पाठवावी लागणार नाही."

"हिच्यासमोर बोल."

मी बायकोसमोर परत बोललो. साडेसातच्या पुढे कधीतरी लाइट आली. ताई ठाण्याच्या बसने गेली.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेल्या गेल्या मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. माझी साप्ताहिक सुट्टी रविवारची होती, ती शुक्रवारची करून हवी म्हणालो. ते म्हणाले, "शुक्रवारी सगळ्यात जास्त माल निघतो. तुम्हाला माहीत आहे ना?" मला माहीत होतं. शुक्रवारच्या गाड्या मीच लावायचो.

"काय अडचण आहे?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं अशा प्रश्नाला मी 'घरगुती' एवढंच उत्तर देत आलो होतो. यावेळी मी खुर्चीवर बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं, गळ्यातली नळी, गादीचा पंप, शुक्रवारची लाइट. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. दुसरा सुपरवायझर तयार होतो का बघू, म्हणाले. मी म्हणालो, "बघा. पण येत्या शुक्रवारी मी येणार नाही. त्याच्या बदल्यात रविवारी सकाळी गेटवर असेन." आणि उठून माल चढवायच्या डॉकवर गेलो. दोन कंटेनर उभे होते.